स्मृतिभ्रंशावरील औषधे : आशा केवढी, किंमत केवढी?

शतकभराच्या प्रतीक्षेनंतर अल्झायमरच्या विकाराची वाटचाल मंदावणारी औषधे हाती आली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये 'लेकॅनेमॅब'ला आणि जुलै २०२४ मध्ये 'डोनानेमॅब'ला मान्यता दिली. विज्ञानाचे हे यश निःसंशय मोलाचे आहे. मात्र ते नेमके केवढे, याचा हिशेब मांडल्याविना त्याचा उत्सव करणे घाईचे ठरेल.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत रुग्णेच्या मेंदूत दोन गोष्टी नोंदवल्या होत्या : पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. ही पुटे बीटा अमायलॉइडची असतात. चेतापेशीच्या आवरणातील एका मोठ्या प्रथिनाला विशिष्ट विकरे दोन ठिकाणी छेदतात, तेव्हा हा तुकडा सुटा होतो. तो निरोगी मेंदूतही तयार होतो. पण त्याचा निचरा अपुरा पडला की रेणू एकमेकांना चिकटू लागतात. गुंता असतो तो 'टाऊ' या प्रथिनाचा. पेशीअंतर्गत वाहतुकीच्या सूक्ष्मनलिकांना आधार देणे हे त्याचे काम. त्यावर फॉस्फेटचा अतिरिक्त भार चढला की ते नलिका सोडते आणि पेशीची वाहतूक कोलमडते.

अमायलॉइड हेच मूळ कारण आणि बाकी सारे त्याचे परिणाम, अशी मांडणी जॉन हार्डी व जेराल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये केली. काही कुटुंबांत तरुण वयातच होणाऱ्या आनुवंशिक अल्झायमरने तिला बळ दिले. परंतु पुटे असूनही स्मृती शाबूत असलेले वृद्ध आढळतात, आणि स्मृतीचा ऱ्हास अमायलॉइडपेक्षा टाऊच्या प्रसाराशी अधिक जुळतो. पुढे या मांडणीवर आधारलेली अनेक औषधे अपयशी ठरली. 'अ‍ॅड्युकॅनुमॅब'ला २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीचा सल्ला डावलून मान्यता मिळाली, समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते औषध सोडून दिल्याचे जाहीर केले.

या पार्श्वभूमीवर लेकॅनेमॅबचे आकडे पाहायला हवेत. प्राथमिक अवस्थेतील १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. मात्र १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक जेमतेम ०.४५ गुणांचा आहे. गेलेली स्मृती परत येत नाही, ऱ्हासही थांबत नाही. औषध घेणाऱ्या साधारण आठांपैकी एकाच्या मेंदूत सूज आढळली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, तरी वारंवार एमआरआय अटळ ठरतो. अमेरिकेत जाहीर झालेली वार्षिक किंमत २६,५०० डॉलर होती. तपासण्यांचा खर्च निराळा.

भारतासाठी हा हिशेब अधिक कठीण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. ही औषधे केवळ प्रारंभिक अवस्थेत उपयोगी पडतात. आणि आपल्याकडे 'वय झाले की विसरायला होणारच' असे म्हणत नेमका तोच काळ दवडला जातो. अमेरिकेने मे २०२५ मध्ये पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिल्याने निदान सुलभ होऊ शकेल. पण निदानानंतर पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे अर्धेअधिक उत्तर प्रयोगशाळेबाहेर आहे. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. अल्पशिक्षण, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, प्रदूषित हवा, एकटेपणा हे त्यांतले काही. ते सारे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. रक्तदाबाची गोळी आणि श्रवणयंत्र यांना नव्या औषधांचे वलय नाही. पण ती आजही अनेकांच्या आवाक्यात आहेत. संशोधन चालूच राहायला हवे. तोवर सार्वजनिक आरोग्याचा पैसा प्रथम कुठे खर्च व्हावा, हे ठरवायला मात्र नव्या रेणूची वाट पाहण्याचे कारण नाही.