आधारचा फोटो ग्रुपवर कशाला?



शिखरजीच्या यात्रेचा ग्रुप तयार झाला, की धर्मशाळेच्या खोल्यांसाठी सगळ्यांच्या आधारकार्डांचे फोटो त्यावर येऊन पडतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, नंबर, सगळे पन्नास मोबाईलमध्ये! यात्रा संपते, फोटो तिथेच राहतात. मला हे अजिबात पटत नाही. आयोजकांवर अविश्वास नाही हो, पण त्या पन्नासातला एखादा फोन हरवला तर?

"माझ्या खात्यात आहेच काय?" असे बऱ्याच जणी म्हणतात. खाते रिकामे असले तरी नाव आहेच ना! आधार-पॅनच्या प्रती वापरून दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड, कर्ज घेतल्याचे प्रकार घडले आहेत. हप्ते थकले की वसुलीवाले आपल्या दारात.

म्हणून मास्क्ड आधार द्या. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून ते फुकट मिळते. त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. तेही फक्त आयोजकांना पाठवा, आणि काम झाल्यावर पुसायला सांगा. यात संकोच कसला? झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर तारीख आणि 'फक्त यात्रेसाठी' असे आडवे लिहून सही करा. (कॉमर्सला चेकवर दोन रेघा मारायला शिकवत, तसेच हे.)

आपल्या नावावर किती मोबाईल नंबर आहेत, ते 'संचार साथी'वर दिसते. क्रेडिट रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात न घेतलेले कर्ज दिसले, तर त्या बँकेला लगेच लेखी कळवा. खात्यातून पैसेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, "घरी काय सांगू" हा विचार नंतर.