सूचना छापल्या, पण शिकविल्या काय?

छापील पत्रकाचे छायाचित्र काढावयाचे, ते संकेतस्थळावर चढवावयाचे आणि ‘माहिती आता ऑनलाइन उपलब्ध आहे’ असे जाहीर करून मोकळे व्हावयाचे, ही रीत सरकारी खात्यांपासून कारखानदारांपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. कागदाची जागा काचेने घेतली, एवढाच काय तो फरक. जो मजकूर कागदावर उमगत नव्हता तो काचेवरही उमगत नाही. उलट अक्षरे अधिकच बारीक होतात. सूचना उपलब्ध करून देणे आणि सूचना शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दुसरीचे नाव देणे ही लोकांची दिशाभूल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा भेद किती मोलाचा आहे हे पाहावयाचे असेल, तर जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, पाकीट हाती घ्यावे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेनासे झाले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्याचा मार्ग धरला. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. पाजणारे हात बहुतांशी रुग्णांच्या नातलगांचेच होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

या औषधाचे सारे सामर्थ्य प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्रानुसार मोठ्या पाकिटातील २०.५ ग्रॅम भुकटी १ लिटर पाण्यात विरघळवावयाची असते. पाणी कमी पडले तर मिठाचा अंश वाढून बालकाला अपाय होतो. पाणी अधिक झाले तर गुण येत नाही. पाकिटावर ‘१ लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे’ असे छापलेले असते व ते अचूकही असते. परंतु मध्यरात्री मूल जुलाबांनी गळून गेले असताना मातेच्या हाती तांब्या असतो, पेला असतो. लिटराचे माप नसते. त्यातच २०० मिलिलिटर पाण्यासाठी केलेली लहान पाकिटेही बाजारात मिळतात. मोठ्या पाकिटातील चिमूटभर भुकटी पेल्यात टाकून उरलेली पुढच्या वेळेसाठी जपून ठेवणारी माता अडाणी नव्हे. तिला कोणी शिकविलेले नाही, एवढेच.

शिकविणे म्हणजे काय, याचा धडा बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने घालून दिला आहे. १९८० ते १९९० या दशकात तिच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरी गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे मातेच्या हातातलेच माप त्यांनी घेतले. सांगून न थांबता द्रावण तिच्याकडूनच करवून घेतले. पुढे काही काळाने तपासनीस जाऊन तिला काय आठवते हे पाहात, आणि कार्यकर्तीचे वेतन त्यावर ठरे. शिष्याला न आले तर गुरूचा मोबदला घटे! आमच्याकडील किती पत्रककर्ते ही अट मान्य करतील?

घरोघर कार्यकर्ती धाडणे सर्वत्र शक्य नसेल; पण तिची शिकविण्याची पद्धत मोबाईलच्या पडद्यावर आणता येते. कागद सर्वांशी एकच बोलतो. पडदा आधी विचारू शकतो. मूल पीत नाही काय, ते सुस्त पडले आहे काय, शौचात रक्त आहे काय, हे प्रश्न सर्वांत आधी यावेत, आणि एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर धडा तेथेच थांबवून ‘ताबडतोब दवाखाना गाठा’ असे सांगावे. नंतर पाकीट मोठे की लहान हे विचारून त्याच पाकिटाची कृती दाखवावी. एका पडद्यावर एकच कृती असावी: हात धुणे, पाण्याच्या बाटलीवरील १ लिटरचा आकडा पाहून माप घेणे, पाकीट पूर्ण रिकामे करणे, ढवळणे, चमच्याने घोट घोट पाजणे, उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश देणे, २४ तासांनंतर उरलेले टाकून देणे. शेवटी ‘किती पाणी घेतले?’ असा उलट प्रश्न असावा, म्हणजे चूक तेथल्या तेथे सुधारेल.

‘एखादी चित्रफीत केली की झाले’ असे काहीजण म्हणतील. चित्रफीत आपल्या वेगाने धावते. मातेचा ओला हात तिच्या मागे राहतो. माता पुढे नेईल तेव्हाच पुढे जाणारा धडा हवा. तो थोड्या जागेत मावणारा आणि एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्कवाचून चालणारा असावा. छापील कागद मात्र टाकू नये. त्यावरच क्यूआर चिन्ह छापून दोहोंची सांगड घालावी. सूत्रे बदलतात, म्हणून धड्यावर त्याच्या दुरुस्तीची तारीखही असावी.

आणि भाषा? बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी मातेच्या हाती येणाऱ्या पाकिटावरील मजकूर बहुधा इंग्रजीत वा हिंदीत असतो. कागदावर चार भाषांना जागा नसते हे कारण एकवेळ मान्य करू. पडद्यावर तेही उरत नाही. पण ‘निर्जलीकरण’ आणि ‘मौखिक क्षारद्रावण’ असे कोशातले शब्द योजून मराठीचा उपकार होत नाही. ‘अंगातले पाणी कमी झाले’ असे घरातल्या आवाजात सांगणारी मराठी हवी, आणि ती वाचता न येणाऱ्या आजीलाही ऐकू यावी.

असा धडा प्रसिद्ध करण्यापूर्वी दहा मातांच्या हाती द्यावा आणि करणाऱ्याने मुकाट्याने बाजूला बसून पाहावे. जेथे हात अडखळेल तेथे दोष मातेचा नसून धड्याचा आहे असे समजावे व तो भाग पुन्हा लिहावा. यास वेळ लागेल, पैसा लागेल, हे आम्ही जाणतो. परंतु सूचना कोणी वाचल्या याची मोजदाद पुरे झाली. त्या वाचून किती हातांना काम बिनचूक साधले, याचा हिशेब सूचना काढणाऱ्यांकडून लोकांनी आता मागितला पाहिजे.