जीप दारातून गेली, पण नावावरून गेली का?

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण पावसाळ्याआधीच्या साठवणीविषयी बोललो. या खेपेचा विषय पाहून तुमच्या कपाळावर आठी पडेल. "अहो बाई, जीप हा काय आपला विषय? ते पुरुषमंडळी बघतील!" मीसुद्धा लग्नानंतर बरीच वर्षं असंच म्हणत होते. पण जुनी जीप घेताना घरातली शिल्लक जाते, ती पोसताना महिन्याचा हिशेब बिघडतो, आणि विकताना काही राहून गेलं तर सरकारी पाकीट घरीच येतं. भर दुपारी दार उघडायला घरात असतं कोण? आपणच!

आमच्याकडे असंच एक पाकीट आलं होतं. २०१९ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी होते. पोस्टमननं मामंजींच्या नावाचं पाकीट दिलं. अपघाताच्या भरपाईची नोटीस होती. जुलै महिन्यात एका जीपची धडक बसून मोटारसायकलवरच्या माणसाचा पाय मोडला होता, आणि त्या जीपचे मालक म्हणून आमच्या मामंजींना बोलावलं होतं. ती जीप तर आम्ही आदल्या वर्षीच्या दिवाळीत विकून मोकळे झालो होतो! पण 'मोकळे झालो' हे फक्त आमच्या मनात. सरकारच्या दप्तरात जीप अजून मामंजींचीच होती.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी मुळापासून सुरुवात करू.

आपल्या मावळात जीप ही चैन नव्हे. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पवनेच्या बाजूची खाचरं, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याच्या वाड्या, राजमाचीकडे जाणारी वाट, इथे श्रावणात साधी मोटार चाकाच्या आसापर्यंत रुतते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निघालेली ही गाडी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि खेडोपाडी पोचली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, आकुर्डीच्या बजाज टेंपोची ट्रॅक्स आली (हीच कंपनी आता फोर्स मोटर्स), २००० साली बोलेरो, २०१० मध्ये थार. आपण मात्र सगळ्यांना 'जीप'च म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा!

आमची होती १९९६ सालची डिझेल जीप. मामंजींनी २००५ मध्ये जुनी म्हणूनच घेतली. इंद्रायणीची पोती, जनावरांचा पेंडा आणि माझी दोन्ही बाळंतपणं तिनं वाहिली. तेव्हा जे शिकले ते सांगते.

घेताना

पहिली गोष्ट, दिसायला जीप असली म्हणजे चारही चाकं ओढतातच असं नाही. बऱ्याच जीपगाड्यांत फक्त मागची दोन चाकं ओढतात. चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या गाडीत नेहमीच्या गियरच्या दांड्याशेजारी आणखी एखादा लहान दांडा असतो. तो नुसता दाखवून घेऊ नका. चिखलात गाडी नेऊन तो टाकायला सांगा आणि पुढची चाकं खरोखर ओढतात का ते बाहेर उभं राहून पाहा. गरज डांबरी रस्त्यापुरतीच असेल तर दोन चाकांची गाडी घ्यावी. किंमत कमी, दुरुस्तीही कमी.

दुसरी गोष्ट गंज. नव्या रंगाला भुलू नका. भांड्याला कल्हई केली म्हणून तळाचं भोक बुजत नाही. पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा अंगठ्यानं दाबून पाहा. गाडीखाली वाकून चेसीवर म्हणजे मूळ सांगाड्यावर वेल्डिंगची ठिगळं आहेत का ते पाहा. पत्रा बदलता येतो, पण सांगाडा सडला असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

तिसरी गोष्ट टायर. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी टायर जुना असू शकतो. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे कागद. आरसीवरचे चेसी आणि इंजिनाचे नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अंक न् अंक जुळवा. जुन्या जीपगाड्यांत दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं पुष्कळदा आढळतं. त्याची नोंद आरसीवर नसेल तर पुढं पासिंगला अडतं. बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहता येतं. पाढे म्हणायला लावावे तसं हे काम मी आता मोठ्या मुलीकडून करून घेते.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नवी करून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहूनही जास्त पडते. भाव ठरवताना हा खर्च जमेस धरा. "नोंदणी संपलीय, पण इकडे कोण विचारतंय?" असं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा!

वापरताना

जीप दणकट असते, पण सासूसारखी तिची वेळच्या वेळी विचारपूस करावी लागते. (आमच्या सासूबाई हे वाचतील तेव्हा हसतील, म्हणून लिहिलं.)

भाताच्या खाचरातला चिखल चेसीच्या कोपऱ्यांत बसतो आणि आठ-आठ दिवस ओल धरतो. गंज लागतो तो तिथेच. म्हणून वरून चकाचक धुण्यापेक्षा खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. गाडीच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती बुजली असतील तर झाडूच्या काडीनं मोकळी करावी. पाट्यांना आणि सांध्यांना पावसाळ्यात दर महिन्याला ग्रीस मारून घ्यावं.

ओढ्यातून गाडी गेली असेल तर मिस्त्रीकडून आसाच्या मधल्या फुगीर भागातलं, म्हणजे डिफरन्शियलचं तेल बघून घ्या. तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलं असं समजावं आणि लगेच बदलावं. तेलाचे पैसे वाचवले तर पुढं दातेरी चक्रं बदलावी लागतात. पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबावेत, म्हणजे ते कोरडे होतात. जिथं चालत उतरायची आपली छाती होणार नाही अशा वाहत्या पाण्यात जीपही घालू नये. जीप झाली तरी ती होडी नव्हे.

चार चाकांचा दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकू नये. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि जुन्या जीपमध्ये त्याचा ताण थेट गियरवर येतो. पण महिन्यातून एकदा तरी मातीत तो टाकून थोडी गाडी चालवावी, नाहीतर न वापरल्यानं जाम होतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून तेल वाचवणारे बहाद्दर आपल्या घरातही असतील. त्यांना ठणकावून सांगा, उतारावर गियर हवाच. नुसत्या ब्रेकवर भार पडला की ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत.

काही कामं तर आपल्या हातची आहेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर तारा सोडून घ्या, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशनं ती टोकं पुसा, कोरडी झाल्यावर व्हॅसलीन लावा. कॅनव्हासचं हूड ओलं असताना घडी घालू नका, काळे डाग पडतात ते जात नाहीत. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर आत दाण्याची टरफलं, भाताचा कोंडा राहू देऊ नका. उंदीर येतात आणि तारा कुरतडतात.

आणि एक वही घाला. तेल कधी बदललं, टायर कधी घेतले, किती रुपये गेले. किराण्याच्या वहीशेजारी जीपची वही. घेणारा ही वही पाहून चार पैसे जास्त देतो.

एक मोह मात्र टाळा. शनिवार-रविवारी लोणावळ्याला पर्यटकांची झुंबड उडते आणि कोणीतरी सुचवतं, "तुमची जीप उभीच असते, फेऱ्या मारा की!" पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं फिरवणं कायद्यात बसत नाही, आणि तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दोन रविवारच्या कमाईसाठी घर गहाण टाकण्यासारखं आहे ते.

विकताना

आता आमच्या चुकीकडे येते. घेणारा ओळखीचा होता. स्टँपपेपरवर सह्या झाल्या, पैसे रोख मिळाले, पेढे वाटले. "नावावर करून घेतो की आठवड्याभरात," असं तो म्हणाला आणि आम्ही भरवशावर राहिलो. ओळखीच्या माणसाला दोनदा विचारायची लाज वाटते ना, तसंच झालं.

स्टँपपेपरनं जीप नावावरून जात नाही. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. आपल्या मावळच्या गाड्यांचं काम पिंपरी-चिंचवडच्या, म्हणजे एमएच १४ च्या कार्यालयात. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. विमाही घेणाऱ्याच्या नावावर जायला हवा. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर द्रुतगती मार्गावर दुसरा फिरतो आणि टोल आपल्या खात्यातून कापला जातो! दलालामार्फत विकत असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का ते विचारा. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या नियमांप्रमाणे अशा विक्रेत्यानं गाडी ताब्यात घेतल्याचं ऑनलाइन कळवलं की पुढची जबाबदारी त्याची.

हे इतकं कडक का? २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितलं, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीनं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच.

वकिलांनी हे समजावलं त्या रात्री मामंजी जेवले नाहीत. भाताचं खाचर विकावं लागेल असं ते सासूबाईंना हळूच म्हणाले. मी कपाट उपसलं आणि जीपची वही काढली. तिच्यात विम्याची पावती डकवलेली होती. २०१८ च्या जुलैत आम्हीच भरलेला हप्ता. अपघात झाला त्या दिवशी तो विमा संपायला अकरा दिवस उरले होते. चालवणाऱ्याचा परवानाही चालू निघाला. खटला अडीच वर्षं चालला, भरपाई विमा कंपनीनं दिली, आमचं खाचर वाचलं. अकरा दिवसांनी!

त्या मोटारसायकलवाल्याला मी कोर्टात पाहिलं. कुबडी घेऊन आला होता, बायको बरोबर होती. त्याची काय चूक? त्याला पैसे मिळायलाच हवे होते. विमा संपलेला असता तर त्याला द्यायला आमच्याकडे खाचराशिवाय काही नव्हतं, आणि जीप प्रत्यक्ष ज्याच्याकडे होती तो कागदावर कुठेच नव्हता. नाव लावणं ही नुसती सरकारी कटकट नव्हे, रस्त्यावरच्या परक्या माणसालाही त्याचा आधार असतो, हे मला त्या दिवशी उमगलं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली जुनी जीप, मोटार, स्कूटर काहीही विकलेलं असेल, तर आज दुपारी जेवणं आटोपली की एक काम करा. तिचा नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर घालून पाहा. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण अक्षरांवरून ओळखू येतं. अजून आपलंच असेल तर संध्याकाळी चहाबरोबर विषय काढा. "ओळखीचा आहे तो," असं उत्तर आलं तर आमची गोष्ट सांगा. ओळखीचा असेल तर सही करायला त्याला कसली अडचण?

पुढच्या खेपेला पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना लागणाऱ्या किडीविषयी बोलू.