भरपाई आहे, पण मागेल तिलाच

अमेरिकेत नोकरदारांची म्हातारपणची पुंजी आता बहुतांशी ‘फोर-ओ-वन-के’ नावाच्या खात्यात साठते. पगारातून रक्कम कापली जाते, बरेच मालक त्यात थोडी भर घालतात आणि ती बाजारात गुंतवली जाते. जोखीम कामगाराची. पैसे सांभाळण्याचं शुल्कही बहुधा त्याच खात्यातून जातं, आणि पगाराच्या चिठ्ठीवर ते दिसत नाही.

तिथल्या कामगार खात्यानंच दिलेलं उदाहरण पाहा. खात्यात २५ हजार डॉलर आहेत, पुढे ३५ वर्षं नवी भर नाही, वाढ सात टक्के. शुल्क अर्धा टक्का असेल तर शेवटी सुमारे २ लाख २७ हजार डॉलर हाती येतात. दीड टक्का असेल तर १ लाख ६३ हजार. एका टक्क्यानं २८ टक्के पुंजी खाल्ली!

योजना चालवणाऱ्यांनी सभासदांच्या हितासाठीच काम करावं, असं १९७४चा ‘एरिसा’ कायदा सांगतो. त्याच्या आधारानं कामगारांनी जादा शुल्काविरुद्ध सामूहिक दावे लावले. २०१५ साली लॉकहीड मार्टिननं ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. त्याच वर्षी एडिसन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की गुंतवणूक एकदा निवडून भागत नाही, तिच्यावर सतत नजर ठेवावी लागते. हे यश मोठं आहे. माझा प्रश्न पुढचा आहे : हा पैसा कोणाच्या हाती पडतो?

मी न्यू जर्सीत राहते. आमचा सात-आठ जणींचा गट बायकांना कागदपत्रांत मदत करतो. जी अजून योजनेत आहे, तिच्या खात्यात रक्कम सहसा आपोआप जमा होते. जी नोकरी सोडून गेली, तिला अनेक तडजोडींत मुदतीच्या आत अर्ज भरावा लागतो. आता नोकरी मध्येच कोण सोडतं? बाळंतपणासाठी, सासू-सासऱ्यांच्या आजारपणासाठी, नवऱ्याच्या बदलीसाठी? नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, कधी जुन्या आडनावानं. घटस्फोटितेची तर ती पूर्वीच्या नवऱ्याच्या दारात पडते. न मागितलेला पैसा तिच्याकडे येत नाही.

‘अर्ज भरला नाही, ही तिची चूक’ असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. शुल्क कापताना कोणी तिच्याकडून अर्ज भरून घेतला होता का? तेव्हा तिचं खातं बरोबर सापडत होतं. काही तडजोडींत सोडून गेलेल्यांनाही अर्जाविना चेक पाठवले जातात. म्हणजे हे अशक्य नाही.

हेही लक्षात ठेवायला हवं : कोर्टाच्या आदेशानं नवऱ्याच्या खात्यात वाटा मिळालेली घटस्फोटित बाई आणि वारस म्हणून नाव असलेली विधवा, यांचाही या भरपाईवर सहसा हक्क असतो. पुष्कळजणींना हे कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या बहिणी-मुली तिकडे नोकरीला असतील किंवा नोकरी करून परतल्या असतील, तर त्यांना सांगा : जुन्या योजनेला नवा पत्ता आणि नवं नाव कळवा, नोटिशीचं पाकीट जाहिरात समजून फेकू नका, चेकची मुदत पाहा. तडजोड पटली नाही तर न्यायाधीशांना लेखी हरकत कळवता येते.

आपल्याकडे हे नवीन नाही. घरी विड्या वळणाऱ्या बाईला भविष्यनिर्वाह निधीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच म्हटलं. तरी माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून आजही पैसे अडतात.

म्हणून मागणी सरळ आहे. ज्यांच्या दप्तरात खातं आहे, त्यांनीच खातेदार शोधावी आणि पैसे पोचते करावेत. ते होईपर्यंत आपण गटागटानं बसून अर्ज भरू. रक्कम शंभर डॉलरची असली तरी भरू. ती दया नाही, आपल्याच मजुरीतून कापून घेतलेला पैसा आहे.