न्यास की आडोसा?

घटस्फोटाच्या दाव्यात पती न्यायालयापुढे शपथेवर सांगतो की, आपल्या नावावर काहीच नाही. बंगला संस्थेचा, मोटार संस्थेची, जमीन न्यासाची, आणि आपण केवळ संस्थेचे सेवक! मोठ्या मिळकतीचे असे वाद महानगरांतच होतात, हा समज खरा नाही. बीडसारख्या जिल्ह्यात असा वाद उद्भवला तर त्याची मुळे परदेशी बँकांच्या कागदांत सापडावयाची नाहीत. ती शिक्षणसंस्थांच्या दप्तरांत आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांतच शोधावी लागतील.

या बचावाला कायद्यानेच जागा ठेवली आहे, हे खेदाने म्हणावे लागते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २५ वे कलम कायम पोटगी ठरविताना उभयतांचे उत्पन्न व मिळकत विचारात घ्यावयास सांगते. पोटगीचा बोजा स्थावर मिळकतीवर चढविण्याचीही मुभा देते. परंतु ती मिळकत प्रतिपक्षाची असली पाहिजे. न्यासाची मिळकत विश्वस्ताची खासगी मत्ता नसते, आणि नेमके याच तत्त्वामागे लपणे सोपे जाते.

हे तत्त्व मोडावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परळीच्या वैद्यनाथाची किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीची मिळकत ही देवस्थानाची. महाविद्यालयाची इमारत विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी. विश्वस्ताच्या घरातील कलहापायी त्यांची वाटणी होऊ लागली, तर समाजाचा न्याससंस्थेवरील विश्वासच उडेल. पण संस्थेच्या मोटारीतून घरच्यांनी फिरावे, संस्थेच्या बंगल्यात पिढ्यान् पिढ्या राहावे, आणि पोटगीची वेळ येताच दारिद्र्याचे सोंग आणावे, हा कोणता न्याय? अशा उपभोगाचे मोल पतीच्या ऐपतीत धरलेच पाहिजे. वाद पेटल्यावर जमीन विनामोबदला न्यासाकडे वळविली असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ३९ वे कलम आहे. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क आहे, ती फुकट दिली गेली तरी तो हक्क घेणाऱ्याविरुद्ध बजावता येतो.

विसंगती पाहा. १८६९ च्या घटस्फोट कायद्याचे ४० वे कलम ख्रिस्ती दांपत्यांना लागू आहे. विवाहापूर्वी वा विवाहानंतर पती-पत्नींसाठी करून ठेवलेल्या मिळकतीच्या व्यवस्थांची चौकशी करून, त्या मिळकतीचा विनियोग बदलण्याचा अधिकार ते न्यायालयाला देते. हिंदू विवाह कायद्यात असे कलमच नाही! दुसरीकडे, १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा हुंडा घेणाऱ्याला वधूचा विश्वस्त मानतो आणि ती संपत्ती तीन महिन्यांत तिच्या स्वाधीन करावयास लावतो. एका कायद्यात विश्वस्त हा स्त्रीचा रक्षक. व्यवहारात मात्र तोच शब्द तिच्याविरुद्ध ढाल म्हणून वापरला जातो.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, पोटगीच्या दाव्यात उभय पक्षांनी मत्ता व देणी शपथपत्रावर उघड करावीत, असा दंडक घालून दिला. तो तंतोतंत पाळला जावा. पक्षकार कोणत्या न्यासाचा विश्वस्त वा लाभधारक आहे आणि तेथून त्याला काय मिळते, हेही न्यायालयाने विचारावे. सार्वजनिक न्यासांची नोंदवही व तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात असतातच. ते मागविण्यास फार मोठे धाडस लागत नाही. तालुक्याच्या गावाहून पोराबाळांसह तारखेला येणाऱ्या स्त्रीने मात्र ते कसे हुडकावेत? हे काम तिच्यावर टाकणे म्हणजे तिला हक्क देऊन त्याची किल्ली प्रतिपक्षाच्या हाती ठेवणे होय.

पतीच्या स्थावर मिळकतीतून पत्नीला भरपाई देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले. पण लोकसभेची मुदत संपली आणि २०१४ साली तेही बारगळले. दिल्लीची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. विवाह, घटस्फोट आणि न्यास हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. केंद्राचा कायदा त्यानंतर ११ वर्षांनी, २००५ साली आला. तीच पुढारीपणाची हिंमत विधिमंडळाने पुन्हा दाखवावी. न्यासाचे पावित्र्य राखावयाचे असेल, तर त्याचा आडोसा करणाऱ्यांना प्रथम उजेडात आणले पाहिजे.