प्रवासातील गारवा आणि बॅटरीचा जमाखर्च

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईकर कुटुंबांना अलिबाग-किहीमची वाट तासाभराची झाली. मोटार बोटीच्या पोटात उभी करावी, इंजिन बंद करावे आणि वर जाऊन बसावे. वडखळच्या वाहनांच्या रांगेपेक्षा हा तास केव्हाही सुखाचा. मात्र इंजिन बंद होताच बहुतेक मोटारींतील बारा व्होल्टचे सॉकेटही बंद पडते आणि त्याला जोडलेली शीतपेटी मुकाट्याने थांबते. वर मंडळी समुद्राचा वारा घेत असतात, खाली बंद काचांआड आजोबांच्या इन्सुलिनच्या कुप्या तापू लागतात.

अन्नासाठी एवढी चिंता करण्याचे कारण नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आणि कालचे अन्न आज न खाणाऱ्या घराला फ्रिजची गरज मुळातच थोडी असते, आणि खाकरा तर प्रवासासाठीच जन्मलेला पदार्थ आहे. औषधाचे तसे नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेले पेन किंवा कुपी बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे ३० अंशांखालील तापमानात टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. दोन दिवसांच्या सहलीला म्हणून वापरातील पेन सावलीत, अंगाजवळच्या पिशवीत ठेवले तरी पुरते. फ्रिज लागतो तो जादा साठ्याला. उलट बर्फाला चिकटून ते गोठले, तर पुन्हा वितळल्यावर वरकरणी ठीक दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. बर्फाची बाटली आणि औषध यांच्यामध्ये जाड टॉवेल हवाच.

बाजारात ‘कार फ्रिज’ या नावाने जी स्वस्त पेटी मिळते, तिची खरेदी करणाऱ्याने एवढे विचारावे : आत कॉम्प्रेसर आहे काय? नसल्यास ती बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच थंड करते. मे महिन्यात गाडीत ३८ अंश असतील, तर पेटीत वीसच्या आसपास. सरबताला ते चालेल, इन्सुलिनच्या साठ्याला नाही. कॉम्प्रेसरची लहान पेटी महाग पडते, पण साधारण ५० वॉटवर चालते आणि थंड झाल्यावर बराच वेळ विश्रांती घेते.

मोटारीमागे ओढायच्या घरकुलाचा, म्हणजे कॅरॅव्हॅन ट्रेलरचा, प्रश्न याहून अवघड आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे अजून स्वतःच्या इंजिनाच्या गाड्याच अधिक दिसतात. पण ट्रेलर घेणाऱ्याला त्यात पुष्कळदा तीन तऱ्हांनी चालणारा शोषण-फ्रिज भेटतो : घरगुती वीज, गॅस किंवा बारा व्होल्ट. त्यात कॉम्प्रेसर नसतो. उष्णता देऊन अमोनिया फिरवायचा आणि त्यातून थंडी मिळवायची, ही युक्ती १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी सिद्धीस नेली. थंडीसाठी जाळ लावावा हे ऐकायला विचित्र वाटते, पण आवाज नाही आणि झिजायला भाग नाहीत. गॅसची ज्योत मात्र गाडी चालताना पेटती ठेवणे धोक्याचे; पेट्रोलपंपावर आणि बोटीवर तर सिलिंडरची तोटीच बंद हवी. म्हणजे रस्त्यावर उरते ती बारा व्होल्टची वीज.

येथे व्यापाऱ्याला परिचित असा हिशेब लागतो. असा फ्रिज १२० वॉटचा धरला तर तो दहा अँपिअर ओढतो. मोटारीची बॅटरी साठ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवून फ्रिज चालू राहिला तर तीन तासांत निम्मे भांडवल संपते आणि पुढे गाडी सुरू होईलच असे नाही. म्हणून मध्ये असा रिले बसवतात, की इंजिन चालू असतानाच वीज ट्रेलरकडे जावी.

दुसरी गळती तारेतून होते. मोटारीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या फ्रिजपर्यंत आठ मीटर तार दीड चौरस मिलिमीटरची घातली, तर जाऊन-येऊन सोळा मीटरांत इतका दाब पडतो की फ्रिजला जेमतेम तीन-चतुर्थांश उष्णता मिळते. माणूस फ्रिजला दोष देतो आणि दोष बारीक तारेचा असतो. सहा चौरस मिलिमीटरची तार आणि बॅटरीजवळच फ्यूज, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मधूनमधून दाब कमी करतात. त्यांच्यासोबत ट्रेलरमध्ये वेगळी बॅटरी आणि ती भरणारा डीसी-डीसी चार्जर घेणे बरे. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी असेल, तर कॉम्प्रेसरचा फ्रिज एक दिवस-रात्र सहज निघतो. मग बोटीवरचा तास, किंवा हरिहरेश्वराहून पुढे जाताना बागमांडल्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची पाहावी लागणारी वाट, यांची काळजी उरत नाही.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांच्यासाठी जुनी रीत आहेच. पेटी आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करावी, सामानही थंड करूनच भरावे, आणि एक-एक लिटरच्या दोन बाटल्यांत पाणी गोठवून ठेवावे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॉट-तास उष्णता गिळतो. चांगल्या जाड भिंतींच्या, वारंवार न उघडलेल्या पेटीत दोन बाटल्यांवर बोटीचा तास काय, दुपारही निभते. औषध टॉवेलात, शेजारी दहा-बारा रुपयांचा नव्हे, पण जरा विश्वासाचा थर्मामीटर.

मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर सपाट जागेवर उभा करावा. शोषण-फ्रिजमधले द्रव उतारानेच वाहते, त्यामुळे वाळूत एक चाक रुतले तरी तो थंड करीनासा होतो. यजमानाकडे पंधरा अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग आहे ना, हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावे.