विश्लेषण : जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणणे परवडते का?

वर्ध्यात एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट भंगारात द्यावी की दुरुस्त करावी?

नियम काय?
२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. इंजिन, चासी, सांगाडा मूळचाच हवा. रोजचा वापर चालत नाही.

अडचण कुठे?
‘पद्मिनी’ हे नाव १९७४ नंतरचे. त्यामुळे बहुतेक पद्मिनी अजून पन्नाशीच्या आत आहेत. त्यांना नेहमीचीच फेरनोंदणी लागते. उत्पादन बंद होऊन दोन दशके उलटल्याने सुटे भागही शोधावे लागतात.

तरुणांना काय मिळते?
कार्ब्युरेटरच्या इंजिनात संगणक नाही. पाना घेऊन ते उघडून शिकता येते. पैशांच्या हिशेबात हा छंद तोट्याचाच. पण जुने मिस्त्री आहेत तोवरच ही विद्या हाती लागेल.